उंदराच्या रक्ताचा हिशेब

गेल्या महिन्यांत आमच्या परिचयांतील एका सुविद्य गृहस्थांनीं आम्हांस एक छापील कागद आणून दाखविला. त्यांच्या मातोश्रींचे गुडघे बरेच दिवस दुखत आहेत, रात्रीं झोंपही लागत नाहीं. आणि कोणा हितचिंतकानें 'विजया' या आयुर्वेदीय नांवाखालीं विकलें जाणारें भांगेच्या अर्काचें तेल जिभेखालीं घालण्याची शिफारस केली होती. कुपीबरोबर आलेल्या त्या कागदावर 'उंदरांवरील प्रयोगांनीं सिद्ध' अशीं अक्षरें ठळक छापलेलीं होतीं. गृहस्थांचा प्रश्न सरळ होता. उंदरांवर सिद्ध झालें आहे, तर आईला द्यावयास हरकत काय? त्याच आठवड्यांत दुसऱ्या एका स्नेह्यांनीं अगदीं उलट टोकाचें एक कात्रण दाखविलें. गांजाच्या सत्त्वानें उंदरांची स्मरणशक्ति ढांसळल्याचें वृत्त त्यांत होतें, आणि कॉलेजांत जाणाऱ्या चिरंजिवांच्या टेबलावर ठेवण्यासाठीं तें जपून ठेविलें होतें. एकाच जनावराच्या साक्षीवर एका घरांत औषध शिरत होतें आणि दुसऱ्या घरांत धाक. आम्हीं दोघांनाही एकच विचारलें: त्या उंदराच्या रक्तांत तें द्रव्य किती होतें? दोघांपाशींही उत्तर नव्हतें, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं; त्यांच्या हातांतील कागदांतच तें नव्हतें.

वाचकांस हा प्रश्न विचित्र वाटेल. परंतु या लेखांतील आमचें सारें म्हणणें त्या एका प्रश्नांत सांठविलेलें आहे. प्राण्याला अमुक मिलिग्रॅम औषध दिलें एवढें सांगून जो प्रयोग थांबतो तो अर्धाच प्रयोग होय. अर्ध्या प्रयोगावरून मनुष्याच्या औषधाचा अथवा अपायाचा निर्णय देणें म्हणजे गांवच्या बाजारांत किती पोतीं धान्य उतरलें यावरून घरोघरच्या पोरांचीं पोटें भरलीं कीं नाहीं हें ठरविण्यासारखें आहे. दिलेली मात्रा निराळी आणि रक्तांत पोंचलेली मात्रा निराळी. सर्वच औषधांच्या बाबतींत हा भेद थोडाफार असतो. भांग, गांजा आणि चरस यांतील द्रव्यांच्या बाबतींत तो इतका मोठा आहे कीं, त्याकडे डोळेझांक करणारा शोधक आपल्या वाचकाची फसगत करतो, मग त्याचा हेतु कितीही शुद्ध असो.

हा विषय आपल्या देशास नवा नाहीं. १८३९ सालीं कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील रसायनशास्त्राचे अध्यापक विल्यम ओ'शॉनसी यांनीं गांजावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मध्यम आकाराच्या एका कुत्र्यास त्यांनीं दहा ग्रेन नेपाळी चरस मद्यार्कांत विरघळवून दिला. अर्ध्या तासांत तो सुस्त झाला, डुलक्या घेऊं लागला, मधूनच दचकून उठून मोठ्या समाधानानें शेपूट हालवूं लागला, आणि सहा तासांत पूर्ववत् झाला. मांसाहारी प्राण्यांवर अंमल चढतो, घोडा, गाय, शेळी यांवर फारसा चढत नाहीं, असेंही त्यांनीं नमूद करून ठेविलें आहे. पुढें १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें नेमलेल्या हेंप ड्रग्ज कमिशनसाठीं डी. डी. कनिंगहॅम यांनीं कलकत्त्यास माकडांना गांजाचा धूर देऊन पाहिला. त्या कमिशननें अकराशेंहून अधिक साक्षी तपासल्या, आणि मर्यादित सेवनापासून सामान्यतः विशेष अपाय दिसत नाहीं असा अभिप्राय १८९४ सालीं दिला. तिकडे अमेरिकेच्या औषधसंहितेनें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत गांजाच्या अर्काची शक्ति कुत्र्याच्या झोकांड्यांवरून ठरविण्याची रीत मान्य केली होती. कुत्रा झोकांड्या खाऊं लागला म्हणजे अर्क चांगला. स्थिर उभा राहिला म्हणजे निःसत्त्व. कुत्रा हाच तराजू आणि कुत्रा हेंच वजन!

या जुन्या लोकांची थट्टा करण्याचा आमचा मुळींच उद्देश नाहीं. अंमल चढविणारें द्रव्य कोणतें हेंच ज्यांना ठाऊक नव्हतें, त्यांनीं तें रक्तांत मोजावें कसें? त्यांनीं डोळ्यांस दिसलें तें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें. परंतु त्यांना जी सबब होती ती आज उरलेली नाहीं. १९६३ सालीं इस्राएलांत राफाएल मेशूलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं कॅनाबिडिऑल या द्रव्याची रचना निश्चित केली, आणि १९६४ सालीं गाओनी व मेशूलम यांनीं नशा आणणारें मुख्य द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, ज्यास संक्षेपानें टी. एच. सी. म्हणतात, तें शुद्ध स्वरूपांत वेगळें करून त्याची रचना सांगितली. १९८८ सालीं उंदराच्या मेंदूंत हें द्रव्य जेथें जाऊन चिकटतें तें स्थान सांपडलें. १९९२ सालीं डुकराच्या मेंदूंतून त्याच स्थानीं बसणारें शरीराचें स्वतःचें द्रव्य हातीं आलें, आणि शोधकांनीं आपल्या संस्कृतांतील 'आनंद' हा शब्द घेऊन त्याचें नांव 'आनंदमाइड' ठेविलें. रक्तांतील टी. एच. सी. मोजण्याच्या विश्वसनीय रीति १९७० नंतरच्या दशकांतच प्रचारांत आल्या. मापण्याची वस्तु माहीत, मापण्याचें साधन तयार. असें असतां आजही 'दर किलोग्रॅमास इतके मिलिग्रॅम टोंचले' एवढ्यावर संतुष्ट राहणारे निबंध छापले जातात, आणि त्यांवरून ठळक मथळे सजतात, हें आमच्या तक्रारीचें मूळ आहे.

आतां मात्रा आणि रक्त यांमध्यें काय काय घडतें तें पाहूं. ताज्या झाडांत मुख्यतः टी. एच. सी.चें आम्लरूप असतें. तें नशा आणीत नाहीं, उष्णता लागल्यावरच त्याचें टी. एच. सी. बनतें. म्हणजे चिलमींतला गांजा आणि न तापविलेला हिरवा पाला यांचें वजन एक असलें तरी काम एक नव्हे. पुढें मार्गाचा प्रश्न. मनुष्यानें धूर ओढला असतां दहा मिनिटांच्या आंत रक्तरसांतील प्रमाण दर मिलिलिटरास शंभर नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाऊं शकतें. तेंच वीस मिलिग्रॅम पोटांत घेतलें तर एक ते तीन तासांनीं जेमतेम पांच-दहा नॅनोग्रॅमपर्यंत चढतें. पोटांतून गेलेलें द्रव्य प्रथम यकृतांतून जातें, आणि यकृत त्याचें रूपांतर ११-हायड्रॉक्सी-टी. एच. सी. नांवाच्या दुसऱ्या द्रव्यांत करतें. हें दुसरें द्रव्यही चांगलेंच नशा आणणारें आहे. म्हणून केवळ मूळ द्रव्य मोजून अपत्याची गणती न करणारा हिशेबही अपुराच. आणि प्रयोगशाळेंतील उंदीर बहुधा धूर ओढीतही नाहीं आणि भांग पीतही नाहीं. त्याच्या पोटाच्या पोकळींत सुई टोंचतात. मनुष्य ज्या मार्गानें हें द्रव्य कधींच घेत नाहीं, त्या मार्गानें दिलेल्या मात्रेवरून मनुष्याविषयीं बोलावयाचें असेल तर दोघांचें रक्त ताडून पाहण्यावांचून दुसरा दुवा कोणता?

याशिवाय जातिभेद आणि लिंगभेद आहेतच. मोठ्या जातीच्या पांढऱ्या उंदरांत मादीचें यकृत नराच्या यकृताहून ११-हायड्रॉक्सी रूप पुष्कळ अधिक बनवितें. म्हणजे एकाच पिंजऱ्यांतील भावाबहिणींना एकच मात्रा दिली तरी दोघांच्या मेंदूला पोंचणारा माल निराळा. कुत्र्यांत टी. एच. सी. चिकटण्याचीं स्थानें लहान मेंदूंत विशेष दाट असतात, म्हणून कुत्रा मनुष्यापूर्वींच झोकांड्या खातो. जुन्या औषधसंहितेचा तराजू असा मुळांतच कललेला होता. या द्रव्याला चरबीचें तर इतकें वेड आहे कीं, तें रक्तांतून लौकर नाहींसें होऊन चरबींत दडून बसतें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सिडनीच्या एका संशोधनांत, कांहीं दिवस टी. एच. सी. दिलेल्या उंदरांना मागाहून उपाशी ठेविलें असतां चरबी वितळून त्यांच्या रक्तांतील टी. एच. सी. पुन्हां वर आलें, असें आढळलें. ज्यानें रक्त तपासलें नसतें त्यानें तो उपाशी उंदीर 'औषधमुक्त' म्हणून नोंदविला असता!

आणि वजनाचा ढोबळ गुणाकार? लहान उंदरास दर किलोग्रॅमास दहा मिलिग्रॅम दिले म्हणून साठ किलोग्रॅमच्या मनुष्यास सहाशें मिलिग्रॅम, असा हिशेब मॅट्रिकचा विद्यार्थी करील. शरीराच्या पृष्ठभागावरून चालणारा जो नियम अमेरिकेच्या औषधखात्यानें २००५ सालच्या मार्गदर्शिकेंत दिला आहे, त्याप्रमाणें लहान उंदराची मात्रा सुमारें बारानें भागावी लागते, म्हणजे सहाशेंच्या जागीं पन्नासाच्या आंतबाहेर आंकडा येतो. धाक घालणारा पहिला आंकडा धरतो, तेल विकणारा सोयीचा धरतो. आणि खुद्द भागाकाराचा नियमही ठोकताळाच आहे, रक्ताची साक्ष नव्हे.

कोणी म्हणेल, "मोजणें सोपें असतें तर सगळ्यांनींच मोजलें असतें." सोपें नाहीं, हें आम्ही आनंदानें मान्य करतों, उलट त्या अवघडपणाची वाचकांस कल्पना यावी अशीच आमची इच्छा आहे. पंचवीस ग्रॅम वजनाच्या उंदराच्या अंगांत रक्त सगळें मिळून दोन मिलिलिटरांच्या आसपास. त्याला जिवंत ठेवावयाचें तर एका वेळीं त्याचा दशांश, म्हणजे चारपांच थेंबच काढतां येतात. त्यांतून निघणारा रक्तरस त्याहून निम्मा. त्या एवढ्याशा रसांत शोधावयाचें द्रव्य नॅनोग्रॅमांत, म्हणजे ग्रॅमच्या शंभर कोटीव्या भागांत मोजावयाचें. तेंही मोकळें नसतें. शेंकडा पंचाण्णवांहून अधिक भाग रक्तांतील प्रथिनांस चिकटलेला असतो. अधिक बेसावध राहिल्यास तें कांचेच्या नळीला आणि प्लॅस्टिकच्या कुपीलाही चिकटतें, आणि यंत्रापर्यंत पोंचण्याआधींच वाटेंत हरवतें. संपूर्ण रक्त मोजलें कीं रक्तरस मोजला हें न सांगितल्यास आणखी एक घोटाळा. कारण मनुष्यांत संपूर्ण रक्तांतील आंकडा रक्तरसांतील आंकड्याच्या निम्म्यापेक्षां थोडासाच वर असतो.

त्याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. टी. एच. सी. आणि कॅनाबिडिऑल, एक नशा आणणारें व दुसरें न आणणारें, हीं दोन्ही द्रव्यें रेणूच्या वजनानें अगदीं सारखीं आहेत. मास स्पेक्ट्रोमीटर नांवाचें यंत्र रेणूंचें वजन करतें आणि त्यांचे तुकडे पाडून तेही तोलतें. परंतु या जुळ्यांचे प्रमुख तुकडेसुद्धां सारखेच पडतात. म्हणून आधीं क्रोमॅटोग्राफीच्या नळींतून दोघांना पुढेंमागें चालवून वेगळें करावें लागतें. तें नीट साधलें नाहीं तर एकाचें माप दुसऱ्याच्या नांवावर जमा होतें. नमुना अतिशय तापविला तर आम्लरूपाचें टी. एच. सी. बनून नसलेली नशा कागदावर उत्पन्न होते; कांहीं आम्लधर्मी रसायनांनीं तर खुद्द कॅनाबिडिऑलचें टी. एच. सी. बनतें. यावर उपाय नाहींत असें नाहीं. ज्या टी. एच. सी.च्या रेणूंतील तीन हायड्रोजनांच्या जागीं जड हायड्रोजन बसविला आहे, असें खुणेचें टी. एच. सी. ठराविक प्रमाणांत नमुन्यांत आरंभींच घालतात. थैलींत न मोजलेल्या रुपयांबरोबर खूण केलेले शंभर रुपये टाकावे, आणि वाटेंत थैली फाटून कांहीं गळले तर खुणेचे किती उरले यावरून एकंदर किती गळले तें ओळखावें, तसाच हा प्रकार. अशा चतुर आणि प्रामाणिक युक्ति उपलब्ध असतां 'अवघड आहे' ही सबब आम्हांस मान्य नाहीं. अवघड असलें कीं सोडून द्यावें, हा नियम शास्त्राला लावला असता तर शास्त्र ओ'शॉनसींच्या कुत्र्यापाशींच थांबलें असतें.

दुसरा आक्षेप खर्चाचा. "इतकीं यंत्रें, इतकीं रसायनें, एवढा पैसा कोठून आणावा?" या आक्षेपकांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, न मोजतां मारलेल्या उंदरांची किंमत आपण कोणत्या वहींत लिहितां? पूर्वीं लहान उंदराचें रक्त वारंवार काढतां येत नसल्यामुळें प्रत्येक वेळेस निराळा उंदीर बळी देण्याची रीत होती. सहा वेळांचा आलेख काढावयाचा आणि प्रत्येक वेळेस पांच उंदीर धरले तर तीस जीव गेले. आतां यंत्रें इतकीं सूक्ष्म झालीं आहेत कीं, शेंपटींतून काढलेल्या एकेका थेंबावर भागतें. तोच उंदीर सहाही वेळां साक्ष देतो, आणि एकाच शरीराची स्वतःशीं तुलना होत असल्यामुळें साक्षही अधिक पक्की होते. म्हणजे चांगलें मापन आणि भूतदया या दोन निराळ्या वाटा नाहींत. रसेल आणि बर्च यांनीं १९५९ सालीं, शक्य तेथें प्राण्यांऐवजीं दुसरें साधन वापरा, नच जमल्यास प्राण्यांची संख्या कमी करा, आणि त्यांचें दुःख हलकें करा, असें त्रिविध सूत्र सांगितलें. आपल्याकडेही १९६० च्या कायद्यान्वयें प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी समिति आहे. परवानगीच्या अर्जांत किती प्राणी लागणार हें विचारलें जातें, तें योग्यच आहे. परंतु त्यांच्या रक्तांतून काय शिकणार हेंही तितक्याच कडकपणें विचारलें पाहिजे. ज्या प्रयोगाचा निष्कर्ष मनुष्याच्या शरीराशीं जोडतांच येत नाहीं, त्यांतला पहिला उंदीरसुद्धां जास्तच होय.

प्राण्यांवरील सर्वच प्रयोग बंद करा, असें म्हणणारा एक सात्त्विक पक्ष आहे. त्याच्या करुणेपुढें आम्ही नम्र आहों. परंतु एक गोष्ट त्यानेंही ध्यानांत घ्यावी. २०१८ सालीं अमेरिकेंत शुद्ध कॅनाबिडिऑलचें एक औषध बालकांच्या दोन दुर्धर अपस्मारांवर मान्य झालें. त्या औषधाची मात्रा दर किलोग्रॅमास दिवसास दहा ते वीस मिलिग्रॅम इतकी मोठी आहे. स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास रक्तांतील त्याचा शिखरांक सुमारें पांचपट चढतो. आणि क्लोबाझामसारख्या दुसऱ्या अपस्मारावरील औषधाच्या अपत्यद्रव्याचें रक्तांतील प्रमाण तें वाढवितें. या तिन्ही गोष्टी वैद्याला ठाऊक आहेत त्या कोणीतरी प्राण्यांचें आणि मागाहून मनुष्यांचें रक्त चिकाटीनें मोजलें म्हणून. झटके येणाऱ्या मुलाच्या आईला 'निसर्गाची देणगी' हे शब्द उपयोगाचे नाहींत. तिला किती, केव्हां आणि कशाबरोबर हें हवें असतें.

येथवर आम्हीं न मोजणाऱ्यांस दोष दिला. परंतु मोजलेल्या आंकड्याची पूजा मांडणारा दुसराही एक संप्रदाय आहे, आणि त्याला मोकळें सोडणें पक्षपाताचें होईल. रक्तांतील आंकडा म्हणजे नशा नव्हे. धूर ओढल्यावर रक्तांतलें प्रमाण शिखरावरून झपाट्यानें खालीं येत असतां मेंदूवरचा अंमल मात्र टिकून असतो. आणि नित्य सेवन करणाऱ्याच्या रक्तांत शेवटच्या झुरक्यानंतर कित्येक दिवस थोडेंसें टी. एच. सी. चरबींतून झिरपत राहतें, तेव्हां तो शुद्धीवर असतो. असें असतां वाहन चालविणाऱ्यांकरितां अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यानें २०१२ सालच्या कौलानें दर मिलिलिटर रक्तास पांच नॅनोग्रॅमची, आणि इंग्लंडनें २०१५ सालीं दर लिटरास दोन मायक्रोग्रॅमची, म्हणजे पहिलीच्या निम्म्याहूनही कमी, मर्यादा घालून दिली. दोन शहाण्या सरकारांना एकच द्रव्य दोन निरनिराळ्या रेषांवर धोक्याचें वाटतें, यावरूनच आंकडा हा विवेकाची जागा घेऊं शकत नाहीं हें उघड व्हावें. मापन हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. न्यायासनावर बसवावयाचें नाहीं म्हणून त्यास कोर्टांतच बोलावूं नये, असें मात्र कोणी म्हणूं नये.

तेव्हां आमची मागणी थोडी आणि स्पष्ट आहे. प्राण्यांवरील गांजाच्या प्रयोगाचें वृत्त छापणाऱ्यानें प्राणी कोणता, नर कीं मादी, मार्ग कोणता, रक्त काढलें केव्हां, मोजलें तें संपूर्ण रक्त कीं रक्तरस, आणि टी. एच. सी.बरोबर त्याचीं अपत्यद्रव्यें मोजलीं कीं नाहींत, एवढें तरी सांगावें. विक्रेत्यानें 'उंदरांवर सिद्ध' हे शब्द वापरण्यापूर्वीं आपल्या थेंबांनीं मनुष्याच्या रक्तांत तेवढें प्रमाण चढतें काय, याचा पुरावा ठेवावा. आणि सुशिक्षित वाचकानें, मग तो भांगेचा कैवारी असो कीं वैरी, आपल्या मताला सोयीचा उंदीर निवडण्याची संवय सोडावी.

ज्या गृहस्थांपासून हा लेख सुरू झाला, त्यांच्या मातोश्री रक्त पातळ राखणारें वारफॅरिन हें औषध कित्येक वर्षें घेत आहेत, असें चौकशीअंतीं समजलें. कॅनाबिडिऑल यकृतांतील ज्या क्रियेला मंद करतें, त्याच क्रियेनें वारफॅरिन शरीरांतून निघून जातें. तेव्हां दोहोंची गांठ पडली असतां रक्तस्रावाची भीति असते. हें आम्हीं त्यांस सांगितलें, आणि प्रथम आपल्या डॉक्टरांस विचारण्याची विनंती केली. कुपी अजून कपाटांत बंद आहे. त्यांनीं विक्रेत्यास पत्र लिहून त्या उंदरांच्या रक्ताचे आंकडे मागविले होते. उत्तर परवां आलें. त्यांत आंकडा होता, पण तो दोन कुप्या एकदम घेतल्यास मिळणाऱ्या सवलतीचा.